आमच्यात नाव घेत नाहीत

किस्से साचायला माणसं लागतात, असा माझा समज होता. इच्छापोरच्या कारखान्यात कारकुनी केली, तेव्हा ते फायलींवरच्या धुळीसारखे साचायचे. निवृत्त झालो, कोसाडच्या घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा वाटलं, आता दुष्काळ! पण सिंधूनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ती वेळ येऊ दिली नाही.

*

सकाळी मला चहा देऊन ती आत गेली आणि दुसरा कप घेऊन बाहेर आली. घरात आमची अहिराणी.

"च्या लिधा का?"

"लिधा."

"कोनी दिधा?"

आवाज असा, जणू कोसाडात माझं दुसरं घर आहे! निर्दोषपणा सिद्ध करायला तो कपही मुकाट्यानं प्यालो.

*

मुलगा वापीला असतो. फोनवर ती त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, "जेवना का?" शेवटी मी फोन घेतला. "ऐकलंस ना?"

"काय ऐकायचंय त्यात? आई पहिल्यापासून हेच विचारते. एकदम नॉर्मल आहे!"

आईच्या बाबतीत मुलांचं निदान झटपट होतं. त्यासाठी यावंही लागत नाही.

*

डॉक्टरांनी तिच्या मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं. "काका, जहाँ लाल-पीला है, वहाँ काम चल रहा है. ये नीला हिस्सा सुस्त है. अल्झायमर की शुरुआत है."

मी म्हणालो, "आमच्या साहेबांचा असा फोटो काढला असता, तर अख्खा निळा आला असता. त्यांना तर बढती मिळाली!"

पूर्वी यावर सिंधू नक्की हसली असती. आता ती बाजारात साडी पाहावी तशी चित्र न्याहाळत होती.

"रंग पक्का शे का?" तिनं विचारलं.

*

मग डॉक्टरांनी तिची परीक्षा घेतली. वार चुकला, महिना चुकला.

"मासी, पति का नाम?"

तिनं डोक्यावर पदर ओढला आणि खाली पाहिलं. डॉक्टरांनी शून्य दिलं.

"साहेब, थांबा!" मी म्हणालो. "आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्न झाल्यापासून तिनं घेतलेलं नाही!"

"तो कैसे पता चलेगा, काका, कि याद है?"

त्यांनी फी घेतली आणि प्रश्न माझ्याकडेच ठेवला.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, निदान उखाण्यात तरी घे.

"आते? या वयमा?" म्हणत ती स्वयंपाकघरात निघून गेली.

लाजली की विसरली, हे पाठीवरून कळत नाही.

*

परवा दुपारी भाजी घेऊन आलो. तिनं दार उघडलं, पदर सावरला.

"कोण पाहिजे आपल्याला?"

अहिराणी नाही. परक्या माणसांसाठी राखून ठेवलेली पुस्तकी मराठी!

मी पिशवीसकट उंबऱ्याबाहेर उभा. म्हणालो, "घरमालक आहेत का?"

"भाजी आणायला गेलेत."

"नाव काय त्यांचं?"

ती चक्क लाजली. "आमच्यात नाव घेत नाहीत. दारावर पाटी आहे. वाचता येतं ना?"

मी पाटी मोठ्यानं वाचली.

"हां, तेच!" ती बाजूला सरकली. "बसा ना. येतीलच इतक्यात. ते आले की दोघांचा चहा मिळूनच टाकते."