रिकामी म्हणून सील केलेली डीव्हीडी

ती डीव्हीडी आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं विसरलो. हे विसरता येत नाही, कारण यात चूक माझी होती.

तेव्हा मी मोर्शीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. संत्र्याच्या गोदामावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराला कोणीतरी भरदुपारी डोक्यात लोखंडी पाना घालून मारलं. तिसऱ्या दिवशी खबऱ्यानं टीप दिली. गाडी लावण्यावरून चौकीदाराचं एका टेम्पोवाल्याशी भांडण झालं होतं, आणि 'पाहून घेतो तुले' असं तो चारचौघांत बोलला होता. आम्ही त्याला उचललं.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "साहेब, मी त्या टायमाले अकोल्यात होतो. वजनकाट्यावर. तिथं कॅमेरा हाय, मले पाहा नं त्याच्यात."

काट्याची पावती मिळाली, वेळही जुळत होती. पण पावतीवर गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं तोंड नसतं. गाडी दुसऱ्या कोणी नेली नसेल कशावरून? काटेवाल्याला चेहरा आठवेना. त्यानं कॅमेऱ्याचं चित्रण डीव्हीडीवर उतरवून दिलं आणि हवालदार ती घेऊन आला.

ठाण्याच्या संगणकात घातली, पडदा काळा. काढून पुसली, परत घातली, परत काळा. क्वार्टरवरच्या टीव्हीला लावून पाहिली, तिथंही तेच. आमच्यात कोणालाच त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणायची लाज वाटत होती. दोन पंच बोलावले. पंचनाम्यात लिहिलं, 'सदर डीव्हीडी रिकामी असून त्यात कोणतेही चित्रण दिसून येत नाही.' नियमाप्रमाणे बाजारातून एक कॉपी काढून ठेवली, मूळ डीव्हीडीला लाखेचं सील लावलं, मी सही ठोकली. मग कोठडीत जाऊन त्या पोराच्या कानाखाली वाजवली. चोर तो चोर, वर शिरजोर, असं वाटलं मला. काट्यावरचं चित्रण पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जायचं, तेही पुसलं गेलं.

घरझडतीसाठी अमरावतीला त्याच्या घरी गेलो, तर त्याची आई दारातच उभी. "साहेब, तुमी पाह्यलं काय जी त्या कॅमेऱ्यात?"

"पाहिलं, आजी. काही नाही त्यात. तुमचा पोरगा खोटं बोलतो."

ती दारातून बाजूला झाली. त्यानंतर ती त्याला भेटायला तुरुंगात एकदाही गेली नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दोषारोपपत्र गेलं. त्याची नक्कल आरोपीला द्यावी लागते, तिच्यासोबत डीव्हीडीची कॉपीही दिली. पुढे काही महिन्यांनी त्याची थोरली बहीण ठाण्यात आली. कोर्टासमोर टायपिंग करून पोट भरणारी बाई. तिनं डीव्हीडी माझ्या टेबलावर पालथी ठेवली.

"साहेब, उजेडात धरा हे. आतला पट्टा गर्द दिसते नं? तिथवर लिहेल हाय. रिकामी असती तं सारी सारखी दिसली असती. मंग तुमी रिकामी कावून लिहिलं?"

मी ती खिडकीकडे तिरपी धरली. पट्टा साध्या डोळ्यांनी दिसत होता. मूळ डीव्हीडी मी चारदा हातात घेतली होती.

मी तिच्यासोबत तिच्या घरी गेलो. शिलाई मशीनशेजारी जुना, दुसऱ्याकडून घेतलेला संगणक. सिनेमा लावतो तशी ती डीव्हीडी लागतच नव्हती. त्या कॅमेऱ्याचं चित्रण फक्त त्याच्याच प्लेअरवर, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, दिसायचं, आणि तो प्लेअर त्याच डीव्हीडीत एका कोपऱ्यात ठेवलेला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा! तो आधी संगणकात बसवायचा, एवढंच. कामावरून आल्यावर रोज थोडी खटपट करत तिनं ते शोधून काढलं होतं.

चित्रण सुरू झालं. टेम्पो काट्यावर चढला. तो पोरगा खाली उतरला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, माठातलं पाणी प्यायला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती. खुनाचीच.

"मायले दाखवाचं होतं," बहीण म्हणाली. "ते सोमवारी गेली. हे बुधवारी चालू झालं."

दुसऱ्याच दिवशी मी मूळ डीव्हीडी तपासणीला पाठवली. प्रयोगशाळेचा अहवाल मागवला, न्यायालयात पुरवणी अहवाल दिला, माझी चूक त्यात स्वतःच्या हातानं लिहिली. तो सुटला. खरा मारेकरी तोवर हातचा गेला होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही.

सुटल्यावर तो मोबाईल आणि लायसन न्यायला ठाण्यात आला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं."

"मारलं त्याचं काही नाही, साहेब," तो म्हणाला. "पन माय मेली तवा तिले वाटे का मीच तो खून केला. मी निरोप धाडला, बहिणीनं सांगतलं, तिनं नाही मानलं. तुमी सांगतलं, ते मानलं."

त्यानं रजिस्टरवर सही केली आणि गेला.

त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणाला 'रिकामी' हा शब्द लिहू दिला नाही. 'आम्हाला चालवता आली नाही' असं लिहा, म्हणायचो. नवे शिपाई पाठीमागे हसायचे. हसू देत. पोलिसानं सांगितलेलं लोक खरं धरतात, अगदी पोटच्या पोरापेक्षाही, हे त्यांना अजून कळायचं होतं. त्या दिवशी दारात मी एवढंच म्हणालो असतो, "आजी, आम्हाला ती लावता येत नाही," तर ती माउली मुलाची वाट पाहत तरी मेली असती.