वांझ फुलं

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढं हात जोडले आणि मन इथवर आलं, की मी पटकन दुसरंच काहीतरी मागायला लागते. आता तुम्हाला सांगायला बसले आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आधी डांगराच्या फुलांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डांगर म्हणजे लाल भोपळा. त्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एक लांब, बारीक देठावर ताठ उभं असतं. दुसऱ्याचा देठ आखूड, आणि फुलाच्या मागं सुपारीएवढं हिरवं डांगर आधीच धरलेलं. पहिल्या तऱ्हेच्या फुलाला कधी फळ येत नाही, म्हणून आमच्याकडं त्याला वांझ फूल म्हणायचे. मीही म्हणायचे. सगळेच म्हणायचे — मग मी कशाला वेगळं म्हणू?

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव पारनेर तालुक्यात. विहिरी आटलेल्या, पुरुष खडी फोडायला, बायाही खडी फोडायला. घरात सासूबाई — त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो — मी, नवरा, माझी दोन पोरं, दीर, आणि धाकटी जाऊ कौसा. कौसा अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या डोंगरातली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिनं न्हाणीमागं डांगराचं बी टोचलं होतं. अंघोळीचं, भांड्यांचं जे काही पाणी निघेल ते ती त्या वेलाला घालायची आणि त्याच्याशी बोलायची. "चल गं बया, पसर की हातपाय, कुनाला भितीस?" आम्ही हसायचो. ती पण हसायची.

आणि आत्याबाईंनी दिराचं दुसरं लग्न काढलं होतं. पोरगी बघून ठेवलेली. दीर हो म्हणत नव्हता, नाही पण म्हणत नव्हता. तेवढ्यात वेल फुलला, आणि आत्याबाई बोलून गेल्या, "बगू, हिच्या हाताला डांगर तरी लागतंय का." थट्टेत बोलल्या की खरंच — कोण जाणे. पण त्या दिवसापासून सगळं घर त्या वेलाकडं बघायला लागलं. कौसा तर पाणी घालताना बोलेनाशीच झाली.

आणि मी काय करत होते? सगळ्यांच्या आधी उठून मी ती वांझ फुलं खुडत होते. ओच्यात भरून आणायची, चिमूटभर पिठात कालवून तव्यावर टाकायची आणि माझ्या पोरांना भरवायची. घरात जे असेल ते वाटून खायची रीत, म्हणून हे चोरून. फळाच्या फुलाला मी कधी हात लावला नाही. उलट वांझ फुलं गेली की वेलाची ताकद फळाला जाईल, असं मला वाटत होतं. वाटत होतं ना? की पोरांसाठी खुडत होते आणि हे कारण मागाहून चिकटवलं? आता दोन्ही असं कालवलं गेलंय की वेगळं काढता येत नाही.

डांगरं धरेनात. सुपारीएवढीच राहायची, पिवळी पडायची, गळायची. आत्याबाई गळालेली वेचून ओट्यावर मांडून ठेवायच्या. नुसत्या मांडून ठेवायच्या.

एका दुपारी रूथबाई आल्या. मिशनच्या शाळेत शिकवायच्या, पलीकडच्या आळीत राहायच्या. वेल बघून म्हणाल्या, "अहो, नराची फुलं कुठं गेली सगळी?"

मी म्हटलं, "बाई, फुलात आनि कसला नर?"

त्या तिथंच खाली बसल्या आणि मला समजावलं. तुम्ही वांझ म्हणता तोच नर. त्याची पिवळी भुकटी मधमाशी अंगाला माखून दुसऱ्या फुलात नेते, तेव्हा मागचं डांगर वाढीला लागतं, नाहीतर गळतं. फार फार पूर्वी म्हणे झाडं पाण्यातच होती, शेवाळासारखी, आणि नराचं बीज पोहत मादीपर्यंत जायचं. मग ती जमिनीवर आली. मुळं धरली, खोडातून पाणी वर चढवायला नळ्या केल्या — सगळं केलं, पण पाय काही फुटले नाहीत. मग एकाचं दुसऱ्यापर्यंत न्यायला कुणीतरी लागतंच. वारा नाहीतर माशी.

माझ्या बोटांना सकाळची ती पिवळी भुकटी होती. मी हात पदराखाली घेतला.

म्हणजे त्या दुपारपासून मला माहीत होतं. हे नीट लक्षात घ्या. त्याआधी अडाणीपणा होता, त्यानंतर नव्हता. वेलावर अजून कळ्या होत्या. मी फुलं राहू दिली असती तर एखादं डांगर लागलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी — मी परत खुडली. सगळी. पोरं मागत होती, हे खरं. पण तेवढंच खरं होतं का? ह्या घरात पोरं फक्त माझी आहेत, हे मला आवडत होतं का? मी त्या सकाळकडं पुन्हा पुन्हा बघते, आणि तिथं उभी असलेली बाई मला ओळखू येत नाही. पण ती मीच होते.

दीर शेवटी हो म्हणाला. दुसरी आली, तिलाही मूल झालं नाही. तेव्हा मात्र कुणी कुठल्या वेलाकडं बघितलं नाही.

दुसरी यायच्या आधीच कौसाला कायमची माहेरी न्यायला तिचा भाऊ आला होता. ती बोचकं बांधता बांधता माझ्याकडं वळली. घरात आम्ही दोघीच होतो. म्हणाली, "आक्का, तू तर खरं सांगशील. माझा हातच वाईट हाय का गं?"

मी म्हटलं, "आसंल बाई."

तिनं मान हलवली. रडली पण नाही. कुणीतरी एकदाचं सांगावं एवढीच वाट बघत होती जशी.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका मयतीला मी कौसाच्या माहेरी गेले होते. भाताची आवणी चाललेली. सगळ्या बाया चिखलात वाकून रोपं लावत होत्या, आणि कौसा बांधावर भावाची नातवंडं धरून बसली होती. तिची भावजय मला हळूच म्हणाली, "वन्सं रोपाला हात लावत न्हाईत. आमी कुनी म्हनलं न्हाई हां, त्यांच्या त्याच."

कौसानं मला बघून बांधावर जागा करून दिली. मी तिच्याशेजारी बसले. तिनं दिलेली भाकरी खाल्ली. आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले.