आमच्या सोसायटीतले सहा पायांचे मेंबर

सोसायटीचा सेक्रेटरी झालं, की कपाटात फायली आणि डोक्यात किस्से सारख्याच वेगाने साचतात. आमच्या कोलशेतच्या सोसायटीतले निम्मे तर किड्यांवरूनच! एकीकडे चेअरमन सबनीस, रिटायर्ड इंजिनिअर. धुळीनेसुद्धा परवानगी काढून बसावं, अशा मताचे. दुसरीकडे तळमजल्यावरच्या पाटीलकाकू. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी राहिली, म्हणून घरामागे छोटं अंगण त्यांना मिळालेलं. तिथे कढीपत्ता, भेंडी, दुधी आणि यच्चयावत किडे!

*

सबनीसांनी 'बटरफ्लाय गार्डन' काढलं. आठवड्यात लिंबावर अळ्या दिसल्या. लगेच पेस्ट कंट्रोलला फोन!

मी म्हटलं, "साहेब, ह्यांचीच फुलपाखरं होतात."

"होऊ देत. पण अळ्या नकोत!"

मागून काकू म्हणाल्या, "तुमी काय डायरेक चेअरमन होऊनच जल्माला आयलाव?"

*

फवारणी झालीच. अळ्यांबरोबर मधमाश्या, पतंगही गेले. काकूंच्या वेलाला फुलं भरपूर, दुधी एक नाही. एका संध्याकाळी काकू नातीचा रंगाचा ब्रश घेऊन एका फुलातले पराग दुसऱ्या फुलाला लावत होत्या.

सबनीस थबकले. "हे काय?"

"लगीन लावतंय. भटजी तुमी मारलाव ना!"

*

नौपाड्याहून नव्याने राहायला आलेल्या बाईंना बिनफवारणीची भाजी हवी होती. काकूंनी भेंडी दिली. तासाभरात बाई परत! "काकू, आत अळी निघाली!"

"त्याच सर्टिफिकेट. येगला कागद मिलनार नाय."

*

मी ओंडक्याला भोकं पाडून मधमाश्यांसाठी घर टांगलं. ग्रुपवर हौसेने टाकलं, 'आपलं बी हॉटेल सुरू!'

सबनीसांचं पत्र आलं, 'सदर ठिकाणी उतरणाऱ्यांचे पोलीस व्हेरिफिकेशन झाले आहे काय?'

वाटलं, माणसाला विनोदबुद्धी आहे! हसत भेटायला गेलो. ते हसले नाहीत.

*

काकूंचं अंगण आजही मातीचं आहे, ते एका जनरल बॉडी मीटिंगमुळे. ठराव सबनीसांचाच. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवा, म्हणजे किड्यांची कटकट संपली. मीटिंग बागेत, खुर्च्या टाकून. काकू पहिल्या रांगेत, पदर मुठीत आवळून.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा!" म्हणत सबनीसांनी सगळ्यांत आधी हात वर केला. मी मोजले. बावीस.

तेवढ्यात एक लाल चतुर, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो, सबनीसांच्या बोटावर येऊन बसला. उन्हात त्याचे पंख काचेसारखे चमकत होते. सबनीस बघतच राहिले.

"आता विरोधात असलेले!" मी पुकारलं. मोजले. सबनीस सोडून एकवीस. आणि सबनीसांचा हात अजून वरच!

"साहेब, हात खाली घ्या. विरोधातले मोजतोय."

ओठ न हलवता सबनीस पुटपुटले, "मोज. मला हलवू नकोस."