अर्धा कोयता

सर्व सुज्ञ जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पाथर्डीच्या स्टँडबाहेर मी एकदा अर्धी बाई पाहिली. मला ती डोक्यापासून पायापर्यंत सबंध दिसत होती, पण हिशेब माझा नव्हता, मुकादमाचा होता. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि हिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता.

बाकीची जोडपी ट्रकमध्ये चढत होती. ती बोचक्यावर बसून कोयत्याच्या पात्यावरचं फडकं सोडायची आणि पुन्हा घट्ट गुंडाळायची. गावात काम नव्हतं. हा ट्रक गेला की हंगामभर चूल थंड.

"वहिनी, अर्धा कोयता न्हाई चालत," मुकादम म्हणाला. "एखादा बाप्या आना जोडीला."

जसा काही बाप्या समोरच्या किराणा दुकानात मिळतो!

ट्रक सुरू झाला तशी ती उठली आणि फाळका धरून ओरडली, "माजा मालक पिऊन पाचटात पडलेला असायचा, मुकादम! समदा ऊस मी एकटीच तोडत हुते. तवा तुमचा कोयता अख्खा कसा भरला?"