रडक्या चेहऱ्याची दुरुस्ती

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर माणसाकडे माणूस म्हणून बघतच नसत. कुणीतरी काढून समोर ठेवलेलं चित्र म्हणून बघत. नवे मुख्याध्यापक रुजू झाले, तेव्हा आम्ही सगळे त्यांचं गाव, जात, वशिला यांच्या चौकशीत गुंतलो होतो. सर एवढंच म्हणाले, "कान काढताना देवाला घाई होती." मुलांच्या चित्रांवर तर त्यांचा एकच शेरा असे : "पूस." त्यामुळे सिल्वासातली सगळी मराठी पोरं त्यांना पुसासर म्हणत. मी तिथे मराठी शिकवायचे. फळ्यावरचं माझं अक्षरही त्या शेऱ्यातून सुटलं नाही.

सर मूळचे मालवणकडचे. चौकातले वाढदिवसाचे फलक ते थांबून तपासत. "डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं, नि जोडलेले हात तिसऱ्याचे! ह्याला मत द्यायचं तरी कुठल्या भागाला?" लग्नाची पत्रिका आली की तारखेआधी गणपती बघत. सोंड बिघडलेली असली, तर लग्नाला त्यांची बायको, आमच्या वहिनी, एकट्याच आहेर घेऊन जात.

पण त्यांचा खरा राग होता अश्रूंवर. 'आजारी आई' असा विषय दिला की पोरं गालभर टपोरे थेंब काढत. सर कडाडत, "पूस! डोळ्यांना नळ बसवलास काय? खरं दुखतं तेव्हा माणूस ओठ मिटतो. कपाळ बघ, कपाळ!"

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात ठेवलं, पण उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बोललेलं त्यांना कितपत कळतं, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. आता एखाद्याची वाचा गेली की त्याच्या वतीने बोलायला सगळे मोकळे होतात. वसाहतीतले निवृत्त हेडक्लार्क आले, सफरचंदं ठेवली आणि "चेहऱ्यावर तेज आहे हो!" असा निकाल देऊन गेले. जवळच्या राखोलीच्या कारखान्यातला एक खानदेशी पालक आला. "सर, टेन्शन लेऊ नका, एकदम फस्क्लास होई जाशात!" असं म्हणत त्याने सरांचा हात हातात घेतला आणि धीर म्हणून गदागदा हलवला. हात अर्थातच उजवा. डावा हात धरणं आपल्याकडे बरं दिसत नाही. येणारा प्रत्येक जण तोच लुळा हात हलवून जाई, आणि सर ओठ मिटून पडून राहत. "किती शांत झालेत!" असं लोक कौतुकाने म्हणत.

वॉर्डातल्या गुजराती हेतलसिस्टरने रीतीप्रमाणे पेन्सिलीने काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेला चेहऱ्यांचा तक्ता आणला. हसऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत एक रांग. आपल्याला जेवढं दुखतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. सरांनी सगळी रांग डोळे बारीक करून न्याहाळली आणि डाव्या हाताचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर ठेवलं.

"जुओ बेन, काकांना काय पण दुखत नाय," सिस्टर वहिनींना म्हणाली.

वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगो, ते दुखणं नाय सांगत. मार्क देतायत! त्यातल्या त्यात तोच बरा काढलाय."

मग सरांचा डावा अंगठा रडक्या चेहऱ्याकडे गेला आणि गालावरचे थेंब खसाखसा घासू लागला. वहिनींना आणि मला 'पूस' हा शब्द ऐकायची गरजच नव्हती. मी सिस्टरला वर्गातली कपाळाची गोष्ट सांगितली. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तक्ता बाजूला ठेवून तिने सरांना कुशीवर वळवलं आणि सगळा वेळ त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. उजवा खांदा हलताच भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या, श्वास अडकला, ओठ घट्ट मिटले. आमच्या धीर देण्यानेच त्या खांद्याची वाट लागली होती.

डॉक्टरांनी औषध दिलं, हाताखाली उशी आली. "हात पकडायचा नाय!" असं सिस्टरने आल्यागेल्याला बजावलं. प्रेम व्यक्त करायला दुसरी जागाच माहीत नसल्यामुळे लोक लवकर उठू लागले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने सरांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, तक्त्यापुढे खोडरबर ठेवलं. सरांनी आधी अश्रू पुसले. मग भुवयांमध्ये दोन उभ्या रेषा काढल्या आणि उघडं तोंड पुसून मिटलेलं केलं. त्यानंतर दुखलं की त्यांचं बोट नेमकं त्या चेहऱ्यावर जाई.

घरी सोडल्यावर त्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तेव्हा त्यांना परत त्याच वॉर्डात आणलं. एके दिवशी सकाळी सिस्टरने तक्ता धरला. सरांनी आपल्या हातच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. ती धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. इंजेक्शननंतर हळूहळू कपाळ सैल झालं. दुपारी सर गेले. वहिनी म्हणाल्या, "दुखलं नाय हो त्यांना शेवटी. मी बघत होते." मला तेव्हा रडू आवरलं नाही. सरांनी नापास केलं असतं.

मध्यंतरी माझ्या जावेला त्या वॉर्डात ठेवलं होतं, तेव्हा तो तक्ता पुन्हा दिसला. बाकीचे चेहरे अजून कोरे करकरीत. सरांचा चेहरा तेवढा बोटांनी मळलेला. ज्यांना बोलता येत नाही, ते त्याच्यावरच बोट ठेवतात म्हणे. बोटांनी पेन्सिल पुसत जाते, म्हणून हेतलसिस्टर त्या दोन रेषा अधूनमधून बॉलपेनने गिरवते. सर असते तर कडाडले असते, "बॉलपेन? पूस!"

पण बॉलपेन पुसता येत नाही.