धुळ्याहून आलेली हाक

अमानवीय वगैरे गोष्टी निघाल्या की हसून चहा मागवणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे हे लिहायची वेळ माझ्यावर यावी, तेही दीड इंचाच्या माशावरून... असो.

मी जळगावचा, सासरे म्हणजे आबा धुळ्याचे. सासूबाई गेल्यावर आबांना घरात बोलायला एकच जीव उरला — हॅचेट मासा. पोट कुऱ्हाडीच्या पात्यासारखं, मुक्काम कायम पाण्याच्या वरच्या थरात. आबा "ये रे भो, खाई ले" म्हणत बोट पाण्याला टेकवायचे आणि तो बोटावरचं खाद्य टिपायचा. दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे फिरकत नसे.

मे महिन्यात आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून मासा टाकीसकट आमच्याकडे आला. "जावईबापू, झाकण काढू नका. उडतो तो," आबांनी बजावलं. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

त्यात जळगावचा मे! टाकीचं पाणी कोमट लागलं. आपण कूलरसमोर बसतो, मग माशानं काय पाप केलंय? टाकी कूलरसमोर ठेवली, झाकण काढलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दुपारी ताणून दिली. उठलो तर मासा सोफ्याखाली — वाळून कडक.

"आता आबांना काय सांगणार?" माझी बायको रेखा रडकुंडीला आली. "चालता आलं की आधी त्याला घ्यायला येतो म्हणतात. त्या आशेवर तर व्यायाम करताहेत!"

मासा कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला आणि बाजारातून हुबेहूब दुसरा आणला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, बुजरा असतो हा. लगेच हाताजवळ येणार नाही." खरंच, टाकीत सोडताच तो तरंगत्या पानांखाली दडून बसला.

संध्याकाळी आबांचा फोन. "स्पीकरवर ठेवा जावईबापू. खाद्य घ्या बोटावर, टेकवा पाण्याला."

मेलो! रेखानं डोळेच मिटले. मी बोट टेकवलं.

"ये रे भो, खाई ले."

तो आला. सरळ बोटापाशी. खाद्य टिपलं आणि आबा बोलत होते तोवर तिथंच थांबला. फोन बंद झाला, तसा परत पानांखाली.

"अहो, नक्की दुसराच आणलात ना?" रेखानं विचारलं. मी कुंडी उकरून दाखवली. पहिला तिथंच होता, मुंग्या लागलेला.

पुढे आबा काठी टेकत आले आणि त्याला टाकीसकट घेऊन गेले. दोघं धुळ्यात मजेत आहेत. आम्ही तोंड उघडलेलं नाही.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. खात्री करायला त्याच दुकानातून नवी टाकी आणि आणखी एक मासा आणला, आबांची हाक गुपचूप रेकॉर्ड करून त्याला ऐकवली. ढिम्म! शेवटी टाकीवर ओणवा होऊन, आबांचा आवाज काढून मीच "ये रे भो" सुरू केलं, तर तो आणखी आत सरकला.

दारातून रेखा म्हणाली, "राहू द्या. त्यानं जावयाला ओळखलंय."