धोंड्याच्या महिन्यातली लाल गाडी

सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर लिंबाजी ग्रेडर होता. बैलगाडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे वळायचा. त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नसे. "लिंबाजी बोलला म्हंजी झालं," असं म्हणून शेतकरी बैल जुंपायला लागायचा. या नावापायी लोक त्याला भलत्याच गोष्टी पारखायलाही ओढून न्यायचे. कुणी बैलजोडी दाखवायचा, कुणी सोयरिकीतला मुलगा, कुणी जुनी मोटारसायकल. लिंबाजीनं कुणाचा चहा पिऊन खोटी ग्वाही दिली, असं कधी झालं नाही. माणूस सरळ होता. पण सरळ माणसाच्या पोटात जळायला जागा नसते, असं थोडंच आहे?

त्याचं जळणं एकाच माणसापुरतं होतं, आणि तो माणूस म्हणजे त्याचा साडू पंडित. राणीसावरगावच्या किशनरावांना दोन मुली. थोरली रुख्मिणी लिंबाजीला दिलेली, धाकटी गीताबाई चुडाव्याच्या पंडितला. पंडित पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरीला होता. किशनरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा दवाखान्यात रात्री काढल्या लिंबाजीनं. विहिरीच्या पाण्यावरून भावकीत तंटा लागला तो मिटवला लिंबाजीनं. सगळं निस्तरून तो ओसरीवर टेकला की सासूबाई, म्हणजे सरजाबाई, चहाची कपबशी पुढे सरकवून आपल्या कामाला लागायच्या. पंडित वर्षातून दोनदा उगवायचा. आल्या आल्या साहेबाच्या, तलाठ्याच्या नकला करून सासूच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आणायचा आणि निघून जायचा. मग चार दिवस घरात 'पंडितराव असं म्हणले, पंडितराव तसं म्हणले' एवढंच चालायचं.

त्या घराचा भरवसा सगळा लिंबाजीवर होता, पण त्याला दारात बघून कुणाचा चेहरा काही फुलत नव्हता. त्याला ते कळत होतं आणि आत कुठेतरी डाचत होतं.

अठ्ठ्याऐंशी साली जेठात अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयांचा मान. त्याच्या महिनाभर आधी पंडित अवचित सेलूला आला. रुख्मिणीनं केलेला चहा त्यानं उभ्याउभ्याच घशाखाली घातला.

"साडूभाऊ, परभणीला यायचं माझ्यासंगं. वसमत रोडला एका गुत्तेदाराच्या पोराची गाडी इकायला निघालीय. जपान!"

जपानी इंजिनाच्या त्या दोन सायलेन्सरच्या मोटारसायकलीला आपल्याकडे सगळे नुसतं 'जपान' म्हणत. लिंबाजीनं पाच-पन्नास जुन्या गाड्या बघितल्या होत्या, पण हिचं नाव काढलं की तोही बोलता बोलता थांबायचा. स्वतः तो वापरत होता जुनी राजदूत. तसल्या गाडीवर दूधवाले कॅन लादायचे, तो डाळीची पोती लादायचा. ती कधी अडली नाही, आणि तिच्याकडे कधी कुणी वळूनही बघितलं नाही.

"ती गाडी म्हंजी हत्ती पोसणं हाय," वाटेत एसटीत लिंबाजीनं समजावलं. "पेट्रोल पाण्यावानी पिती. ऑइल येगळं घालावं लागतंय, इसरलं की पिस्टन जाम. सामान मिळंना, मिस्त्री मिळंना. आन जुनी घ्यायची म्हंजी पोरासोरांनी पळवून पळवून पार खिळखिळी केलेली."

"समदं खरं हाय," पंडित हसत म्हणाला. "पर आवाज ऐकलाय का तिचा?"

लिंबाजीनं ऐकला होता. मोंढ्याच्या रस्त्यानं अशी एक गाडी एकदा गेली, तेव्हा हातातला कापूस हातातच धरून तो उभा राहिला होता. पंडितला मात्र तो पेट्रोलचा भाव सांगायला लागला.

गुत्तेदाराच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या, मुलानं गाडी पडवीतून बाहेर काढली. लाल टाकी, निकेलचे लखलखीत मडगार्ड. लिंबाजीनं आधी इंजिनला तळहात लावला. गार होतं, म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवलेली नव्हती. त्यानं प्लग काढून बघितले, दोन्ही भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. चेन ताणून बघितली, टाकीखाली हात घालून चेसिस चाचपली. मग किक मारली. पहिल्याच किकला गाडी बोलली. निळसर धूर क्षणभर दिसला आणि विरून गेला. तो बसला आणि वसमतच्या दिशेनं चार मैल जाऊन आला. क्लच सोडला तशी गाडी अंगाखालून निसटल्यासारखी उसळली. ब्रेक जरा मऊ होते, ते तसल्या गाडीचे असतातच. बाकी गाडी अशी होती, की तिला दुसरी प्रत सांगायची म्हटलं तर जीभ अडखळावी. गुत्तेदाराचा मुलगा वर्षभर पुण्याला शिकायला होता. गाडी पळवायला कुणी नव्हतंच.

परत येताना पंडित फाटकापाशी उभा दिसला. केस मागे फिरवलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. आणि लिंबाजीला एकदम राणीसावरगाव दिसलं. हाच माणूस हीच गाडी घेऊन वेशीतून आत येतोय, मागे गीताबाई, आवाज ऐकून सरजाबाई हात पुसत दारात धावल्यात. आणि आपण? आपण पिंपळाखाली राजदूत लावून डाळीचं पोतं उतरवतोय. त्याच्या छातीत अशी काही आग झाली, की त्यानं गाडी फाटकाच्या अलीकडेच थांबवली.

गुत्तेदाराचा मुलगा चहा सांगायला आत गेला होता. लिंबाजीनं साडूला बाजूला घेतलं.

"क्रँक गेलाय. चेसिसला आतून तडा हाय, वरून रंग मारलाय."

पंडितचा चेहरा उतरला. "दुरुस्त करून भागायचं न्हाई का?"

"एकदा इंजिन उघडलं की मिटायचं न्हाई. फुकट दिली तरी मी ही गाडी माझ्या दारात लावणार न्हाई."

"मग राहिलं," पंडित म्हणाला. "तुमी बोलला म्हंजी झालं."

त्यानं गाडीकडे पुन्हा वळूनही बघितलं नाही. एवढा मनातला शौक, आणि एका शब्दावर सोडून दिला. त्याचा हा विश्वासही लिंबाजीला सलला. निदान मिस्त्रीला दाखवू म्हणाला असता, थोडी कुरकुर केली असती, तर बरं वाटलं असतं.

आठवडा सरला नाही तोच लिंबाजी एकटाच परभणीला गेला आणि लाल गाडी घेऊन आला.

रुख्मिणी दारात उभी होती. गीताबाईनं तिला क्रँकचं सगळं कळवलं होतं. "ही तीच का हो?" तिनं विचारलं.

"तसलीच दुसरी हाय."

ती टाकीकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

लिंबाजीला वाटलं होतं, आता सेलूतले लोक जळतील. पहिल्या दिवशी केंद्रावर घोळका जमला खरा. पण थोड्या वेळानं एकजण दुसऱ्याला सांगत होता, "लिंबाजीनं घेतलीय म्हंजी गाडी अॅव्हरेज देत असणार. उगं नाव बद्दू करतेत लोक तिचं." दुसऱ्यानं मान डोलावली. लिंबाजीनं घेतली म्हटल्यावर जपानसुद्धा डाळीची पोती वाहणारी गाडी होऊन बसली. त्याला हसावं की रडावं कळेना. ज्याच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून हा सगळा खटाटोप केला, तो तर चुडाव्याला होता.

पण पंडितनं ही गाडी बघणं परवडणारं नव्हतं, हेही तितकंच खरं. म्हणून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं तेव्हा लिंबाजीनं आधी चुडाव्याची चौकशी केली. पंडितनं कळवलं होतं, की कालव्याला पाणी सुटलंय, रजा मिळत नाही, आपलं येणं होणार नाही. लिंबाजीला इतका आनंद झाला, की रुख्मिणीला त्यानं नवं लुगडं घ्यायला लावलं. या खेपेला सासुरवाडीच्या दारात एकच जावई असणार होता, आणि तोही जपानवरून उतरणारा.

गंगाखेड सुटल्यावर त्यानं गाडी मोकळी सोडली. रस्ता तापलेला, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. रुख्मिणीनं आधी सीटची कडी धरली होती, मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लय पळती की वो," ती कानापाशी ओरडली आणि हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, राजदूतवर ती कधी हसली नव्हती. लिंबाजीला वाटलं, केलं ते बरंच केलं.

गावच्या अलीकडे मुंजाजीचं हॉटेल होतं. दोन घोट पाणी प्यावं, तोंड धुऊन रुबाबात शिरावं म्हणून तो थांबला. मुंजाजीनं तांब्या दिला आणि कौतुकानं सांगितलं, "आता कसं, दोनीबी जावई झाले. धाकले सकाळच्या एसटीनंच आलेत. साहेबानं ऐनवेळी रजा देली म्हणं."

लिंबाजीच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

परत फिरावं, तर मुंजाजीनं बघितलेलं. गाडी इथंच लावून पायी जावं, तर तासाभरात गावभर व्हायचं. तसलीच दुसरी म्हणावं, तर पंडितनं ही टाकी जवळून बघितलेली. दुरुस्त करून घेतली म्हणावं, तर दुरुस्त होणारच नाही असं त्याच तोंडानं सांगितलेलं. गाडी चांगली ठरली तर लिंबाजी लबाड ठरत होता. नाव वाचवायला एकच मार्ग उरला, गाडी वाईट ठरली पाहिजे. त्यानं गाडी सुरू केली, हॉटेल नजरेआड होईपर्यंत नेली आणि चावी फिरवली. गाडी गप झाली.

"काय झालं?" रुख्मिणीनं विचारलं.

"बंद पडली."

"पडली का पाडली?"

त्यानं खाली उतरून हँडल धरलं. रुख्मिणी उतरली. पिशवी डोक्यावर घेतली, नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि मागे मागे चालायला लागली. जेठातलं दुपारचं ऊन, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि टाकीत गळ्यापर्यंत पेट्रोल असलेली ठणठणीत गाडी लिंबाजी ढकलत होता. चढावर त्याला धाप लागली.

वेशीपाशी पंडितनं लांबून ओळखलं आणि तो धावतच आला. गाडी बघून जागीच थबकला.

"साडूभाऊ! ही तर तीच! तुमीच म्हणले व्हते ना…"

लिंबाजी घाम पुसत राहिला. उत्तर पंडितनंच तयार केलं. "दुरुस्त केली म्हणून त्या गुत्तेदाराच्या पोरानं गळ्यात मारली तुमच्या. भोळं हाव तुमी. सरका बाजूला, मी ढकलतो."

जिला बघून हा माणूस जळायला हवा होता, तिला तो मागून रेटत होता आणि मालकाची कीव करत होता. दारात सरजाबाई आल्या, किशनराव आले, गीताबाई आली. "आमच्या जावईबापूला फसवलं की," म्हणून किशनराव हळहळले. पाय धुतले, कुंकू लावलं, पोशाख दिले. पुरणाचे धोंडे वाढताना पंडित सगळ्यांना सांगत होता, की साडूभाऊंनी मला कसं वाचवलं आणि स्वतः कसे अडकले. सरजाबाईंनी लिंबाजीच्या ताटात एक धोंडा जास्तीचा टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याच्याकडे मायेनं बघितलं होतं. तो धोंडा त्यानं ताटाच्या कडेला सारून ठेवला.

जेवणं झाली. लिंबाजी विड्याला चुना लावत होता. पंडित म्हणाला, "बघू तरी काय दुखणं हाय तिचं," आणि अंगणात गेला. चावी गाडीलाच होती. लिंबाजी उठेपर्यंत त्यानं किक मारली.

पहिल्याच किकला गाडी बोलली. तो आवाज सगळ्या घरात भरला. क्रँक गेलेल्या इंजिनाची खडखड नाही, काही नाही. पंडितनं मुठीला जरा पीळ दिला, सोडला, पुन्हा दिला. मग तो तसाच गाडीपाशी उभा राहिला. त्यानं वळून ओसरीकडे बघितलं, तेव्हा त्याचं सगळं हसू गेलेलं होतं. लिंबाजीला कळलं, की याला कळलं.

आता हा बोलणार. सासूसमोर, सासऱ्यासमोर, रुख्मिणीसमोर. लिंबाजीनं मान खाली घातली.

पंडितनं गाडी बंद केली. किशनराव आतून ओरडले, "कसं वो पंडितराव? चालू झाली?"

"तापली व्हती, मामा," पंडितनं घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "एवढ्या उन्हात डबल सीट आणली. गार झाली, चालू झाली. त्यात साडूभाऊची काय चूक न्हाई."

त्यानं चावी आणून लिंबाजीच्या हातावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेला. रुख्मिणीनं चुलीपाशी त्याला तांब्या भरून दिला, आणि देताना ती त्याच्याकडे अशी बघत होती, जशी ती नवऱ्याकडे कधी बघत नव्हती.

शिवी दिली असती, तर लिंबाजीनं सुखानं ऐकून घेतली असती. पंडितकडे रूप होतं, हसवणं होतं, सासूची माया होती. खरेपणा तेवढा आपला, या एका गोष्टीवर लिंबाजीनं इतकी वर्षं काढली होती. आता मोठं मनही त्याचंच निघालं. यावर जळायला तोंड उरलं नव्हतं, आणि हातात चावी धरून ओसरीवर बसलेला लिंबाजी तरीही जळतच होता.